फिओना वोल्पे बदलली नाही, हे महत्त्वाचं नाही का?

रीळबदल: परवा जेम्स बाँडचा ‘थंडरबॉल’ (१९६५) पुन्हा पाहिला. आदल्या वर्षीच्या ‘गोल्डफिंगर’मध्ये ऑनर ब्लॅकमनची, खलनायकाच्या बाजूची पुसी गॅलोर बाँडला आधी आपटते, मग कोठारातल्या गवतावर तो तिच्यावर जबरदस्ती करतो आणि ती चक्क त्याच्या बाजूला जाते. ते दृश्य मला आजही बघवत नाही. ‘थंडरबॉल’मधली खलनायकांची मारेकरी फिओना (लुचाना पालुझी) मात्र रात्र बाँडबरोबर काढते आणि लगेच त्याच्यावर पिस्तूल रोखते. वर त्याला सुनावते, की तुझ्या शय्येवर आलेली बाई सन्मार्गाला लागते असं तुला वाटतं, पण मी त्यातली नव्हे. मला हे ‘गोल्डफिंगर’ला दिलेलं थेट उत्तर वाटतं. मोटारसायकलवरून रॉकेट सोडून माणूस मारणारी, आपल्या कामात पक्की असलेली बाई पडद्यावर आली, हा त्या काळातला खरा बदल आहे.

कोपऱ्यातली_खुर्ची: अजिबात सहमत नाही. पुढे काय होतं तेही लिहा की. क्लबात नाचता नाचता बाँड तिला गर्रकन फिरवतो आणि तिच्याच माणसाची गोळी तिच्या पाठीत बसते. मग तो तिला दुसऱ्याच्या टेबलाशी बसवून कोटी करतो. १९६७ मध्ये ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मधली खलनायकाची हस्तक हेल्गा ब्रँट पिरान्हा माशांच्या तळ्यात जाते. पक्ष बदललात तर जगाल, नाही तर मराल. बायकांसाठी नियम तोच राहिला.

रीळबदल: मारेकरी पुरुषही मरतातच. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधला (१९६३) रेड ग्रँट जगतो का?

कोपऱ्यातली_खुर्ची: मरतो, पण कसा ते बघा. रेल्वेच्या डब्यात जिवाच्या आकांताने झुंजून. त्या मारामारीवर दिग्दर्शकाने किती जीव ओतलाय! फिओनाच्या वाट्याला नाचातली एक गिरकी. तिला बरोबरीची शत्रू मानलं असतं, तर लढू दिलं असतं.

रीळबदल: हा मुद्दा मला मान्य करावा लागेल.

सायंकाळचा_खेळ: तुम्ही दोघं देखण्या बायकांवरच अडलात. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधलीच रोझा क्लेब कुठे गेली? लोटे लेन्याने रंगवलेली ती बुटात विषारी पातं लपवणारी बाई. तिला मोहकपणा दिला नाही, प्रौढ आणि कुरूप दाखवली, नायिका तात्यानाच्या गुडघ्यावर तिचा हात ठेवून किळस आणली. तरी शेवटी बाँडला खुर्चीच्या आडोशाने जीव वाचवावा लागतो आणि गोळी झाडते ती तात्याना. आणि ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९)? खलनायकाची साथीदार इर्मा बुंट धावत्या गाडीतून गोळ्या झाडते, बाँडची नवी नवरी जागीच मरते. बुंट निसटते! त्या चित्रपटात तिला शिक्षा होतच नाही. नियम मोडला की नाही?

कोपऱ्यातली_खुर्ची: मोडला, पण मारलं कुणाला? ती नवरी साकारणाऱ्या डायना रिगला. ‘द अॅव्हेंजर्स’ मालिकेत एमा पील म्हणून तिने गुंडांना लोळवलं होतं. याच चित्रपटात डोंगरावर एका धटिंगणाला तिने एकटीने संपवलं. लग्नाचा पोशाख चढला आणि दोन वाक्यांत ती गेली. मला त्या शेवटाचा अजून राग येतो.

सायंकाळचा_खेळ: मला रडू येतं. पण तो राग बुंटवर काढू नका, ती आपलं काम करत होती.