क्लिव्हडन हाऊसमध्ये एक रात्र राहण्यात अर्थ आहे का?

शाहूपुरीची काकू, सातारा:
लेक इंग्लंडात, लंडनजवळ स्लाऊला असते. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जावईबापू तिथल्या क्लिव्हडनला, जुन्या वाड्यातल्या हॉटेलात, खोली घेतायत. भाडं ऐकून ह्यांचा घासच अडकला! एवढे मोजून नुसतं झोपायचंच ना? त्यात मी शाकाहारी.

खडकीवाला:
काकू, खुशाल जा. मूळ वाडा १६६६ सालानंतरचा, दोनदा जळाला. आत्ताचा १८५१ चा, चार्ल्स बॅरीनं बांधलेला. लंडनची पार्लमेंटची इमारत त्याचीच. एका जेवणघराच्या भिंतींचं सोनेरी नक्षीकाम पॅरिसजवळच्या महालातून उचलून आणलंय. गच्चीवरून कातरलेल्या झुडपांचे त्रिकोण दिसतात, पलीकडे थेम्स. शाकाहाराचं बुकिंग करतानाच सांगा, आयत्या वेळी नको.

मिरजेचा मन्या:
पैसा जड होत असेल तर मुक्काम लेकीकडेच करा. वास्तू नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेची आहे, तिकीट काढून बाग दिवसभर फिरता येते. पण खरी मजा रात्रीच म्हणा, गर्दी पांगल्यावर.

शाहूपुरीची काकू:
१९६१ साली ब्रिटिश मंत्री प्रोफ्युमो आणि ती तरुण मॉडेल कीलर भेटले, ज्यांच्या लफड्यानं पुढं तिकडं खळबळ उडाली, तो पोहण्याचा तलाव तिथलाच, हे ह्यांनी कुठंतरी वाचलं. आता भाड्याबद्दल अवाक्षर नाही, चड्डी शोधतायत. कंदी पेढे किती दिवस टिकतात हो?