दीर्घिकांची टक्कर समजून घ्यायचीय, कुठल्या दीर्घिकेपासून सुरू करू?

नमस्कार मंडळी, महिनाभर दीर्घिकांच्या टकरींचे फोटो बघतोय आणि ते डोक्यातून जातच नाहीयेत. दोन दीर्घिका एकमेकींत घुसतात तेव्हा तारे आपटतात का, आणि शेवटी उरतं काय? सहा इंची दुर्बीण आहे, गणित बारावीपर्यंतचं. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
एम ५१, एकमेकींना ओढणारी दीर्घिकांची जोडी. सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाचा मरीची धरा, तिथून जवळच आहे. काळोखं आकाश असेल तर दोन धूसर ठिपके दिसतील, मोठी दीर्घिका आणि तिची जोडीदार एनजीसी ५१९५ (एम आणि एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंच्या याद्यांची नावं, पुढचा आकडा यादीतला क्रमांक). तारे जवळजवळ आपटतच नाहीत हो, सूर्य टाचणीच्या डोक्याएवढा धरला तर शेजारचा तारा चाळीसेक किलोमीटरवर येतो, मधे नुसती पोकळी. आपटतो तो वायू, तो दाबला जातो आणि मग नवे तारे धडाधड जन्मतात.

प्रतिसाद २:
एम ५१ हवीच, पण माझं मत आहे की एकीवर थांबू नका, क्रमाने बघा. एक विलीनीकरण पूर्ण व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात, आपल्याला प्रत्येक जोडीचा एकच क्षण दिसतो, म्हणून वेगवेगळ्या जोड्या ओळीने लावायच्या. एम ५१ नंतर हस्त नक्षत्रातल्या एनजीसी ४०३८ आणि ४०३९, मग कुंभेतली एनजीसी ७२५२, जिथे दोघींची एक झालीय पण शेपट्या अजून शिल्लक आहेत. (शेवटच्या दोन्ही फोटोतच बघा.) त्या लांब शेपट्या म्हणजे धडकेने उडालेला कचरा नाही, भरती-ओहोटीसारख्या ओढीने ताणले गेलेले तारे आणि वायू आहेत, अलार आणि जुरी टूमरे या भावांनी १९७२ मध्ये कॉम्प्युटरवर गणित करून हे दाखवलं. दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका एक झाल्या की तबकड्या मोडतात आणि बऱ्याचदा लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते.

धागाकर्ता:
वा, हा क्रम लिहूनच ठेवला! मग आपल्या आकाशगंगेची शेजारच्या देवयानी दीर्घिकेशी टक्कर ठरलेलीच ना?

प्रतिसाद २:
तसं आता म्हणता येत नाही. ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि आपल्याकडेच येतेय, पण २०२५ च्या एका अभ्यासात पुढच्या १० अब्ज वर्षांत विलीन व्हायची शक्यता साधारण निम्मीच निघाली. आपल्या आकाशगंगेने मात्र असं आधीच केलंय, सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी गिळलेल्या एका दीर्घिकेचे तारे ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांतून २०१८ मध्ये ओळखले गेले, आणि धनु राशीतली एक बटू दीर्घिका तर आत्ता या घडीला फाटून आपल्यात मिसळतेय.