वाचनालयात ‘जगाच्या बातम्या’ प्रदर्शन, चित्रं आणि मुलांची कार्यशाळा: मांडणी कशी करावी?

खिडकीपाशी:
लालबागमधल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये जानेवारीत नऊ दिवसांचं प्रदर्शन ठरतंय. एका बाजूला सध्याच्या जागतिक बातम्या, समोर परिसरातल्या चित्रकारांची चित्रं. मधल्या रविवारी पाचवी ते आठवीच्या २४ मुलांसाठी लिनोकटची (लिनोलियमच्या शीटवर चित्र कोरून त्याचा कागदावर छाप काढण्याची) कार्यशाळा, विषय अर्थात बातम्याच. हॉल ३० बाय २० फूट, भिंतींना डिस्टेंपर आणि खिळे मारायला सक्त मनाई.

अडचण अशी की बातमी तीन दिवसांत शिळी होते आणि छापलेला बोर्ड नऊ दिवस टांगलेला राहतो. शिवाय जगाचा मोठा नकाशा लावायचाय, तो कुठला घ्यावा? नेटवरचे फोटो छापून लावले तर चालतील का? लिनोसाठी सामान किती लागेल? जाणकारांनी सांगावं.

पाटीवरचा खडू:
छापायचं काय आणि हाताने लिहायचं काय, हे आधी वेगळं करा. शिळेपणाचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. पार्श्वभूमी, नकाशा, कालरेषा नऊ दिवसांत बदलत नाही, ती छापा. आज काय झालं ते ए-५ कार्डावर मार्करने लिहून क्लिपला अडकवा. प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख हवीच. कार्ड बदललं की जुनं फेकू नका, त्याच क्लिपला मागे लावा. बातमी कशी सरकत गेली ते मुलांना उलटून बघता येतं, आणि छापील बोर्डांपेक्षा तिथेच जास्त गर्दी होते.

दहा देशांच्या दहा बातम्या लावायचा मोह टाळा, दोन पुरे. त्यातल्या एकीचं टोक मुंबईला जोडलेलं असावं. तांबडा समुद्रच घ्या. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तिथे व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि अनेक कंपन्यांनी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून पाठवली. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून युरोपला निघालेल्या कंटेनरचा प्रवास त्यामुळे हजारो किलोमीटरने वाढला. सुएझ कालवा उघडला १७ नोव्हेंबर १८६९ ला, ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा. या तीन तारखा एका रेषेवर मांडल्या की मुंबईच्या बंदराला कालव्याचं महत्त्व का, हे वेगळं सांगावं लागत नाही. भिंतीवरच्या नकाशावर दोन रंगांचे दोरे लावून दोन्ही मार्ग दाखवा आणि मुलांना दोरे मोजू द्या.

पडताळणीबद्दल एकच सांगतो, कारण इथे हमखास फसगत होते. तीन वर्तमानपत्रांत बातमी आली म्हणजे तीन साक्षीदार मिळाले, असं नाही. बातमीच्या सुरुवातीला किंवा शेवटी पीटीआय, एएफपी, रॉयटर्स असं एखाद्या वृत्तसंस्थेचं (एजन्सीचं) नाव आहे का ते बघा. तिघांकडे एकाच एजन्सीचा मजकूर असेल तर साक्षीदार एकच. दुसरी गोष्ट वेळेची: आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्कला जानेवारीत संध्याकाळी सातला घडलेलं आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला घडतं, म्हणून कार्डावर ‘तिथली तारीख’ लिहायची की ‘आपली’, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

अक्षांश-रेखांश:
वरच्या प्रतिसादातलं जवळपास सगळं पटलं, पण दोरा भिंतीवरच्या नकाशावर मोजू नका. सपाट नकाशावर प्रमाण सगळीकडे सारखं राहत नाही, त्यामुळे मुलांचं उत्तर चुकेल आणि चूक मुलांची नसेल. दोरा पृथ्वीगोलावर लावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला तर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. मुंबई ते लंडन सुएझमार्गे दोरा २७ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून ४६ च्या आसपास. फरक १९ सेंटिमीटर, म्हणजे आठ हजार किलोमीटर. दोरा सुती घ्या, नायलॉनचा गोलावरून घसरतो. वळणावर एकाने बोट धरायचं, दुसऱ्याने दोरा पुढे न्यायचा.

आता भिंतीवरचा नकाशा. दुकानात सहज मिळतो तो बहुधा मर्केटरच्या धाटणीचा. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी केला. दिशा बरोबर येतात, पण ध्रुवांकडे क्षेत्रफळ फुगत जातं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. हा नकाशा वापरातून काढावा या मोहिमेला ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने (आफ्रिकी देशांच्या संघटनेने) पाठिंबा दिला, म्हणजे तुम्हाला दुसरी बातमी आयतीच मिळाली. मुलांना दोन्ही नकाशे शेजारी दाखवा. पर्याय म्हणून ‘इक्वल अर्थ’ नावाचा नकाशा घ्या. तो २०१८ चा असून फुकट मिळतो, त्यात क्षेत्रफळं खरी राहतात, आकार मात्र थोडे ताणलेले दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भारताची सीमा. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या बहुतेक नकाशांत जम्मू-काश्मीर, लडाख आणि अक्साई चीनची रेषा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. चुकीची सीमा छापणं आपल्याकडे १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून बाह्यरेषा उतरवून घ्या आणि छापायला देण्याआधी तिच्याशी ताडून पाहा. छापून झाल्यावर वर स्टिकर चिकटवलेला नकाशा फार वाईट दिसतो.

शाईचा रूळ:
लिनोबद्दल. २४ मुलं एकदम बसवू नका, १२-१२ च्या दोन तुकड्या करा. एक तुकडी कोरत असेल तेव्हा दुसरी बातमी निवडून चित्र काढेल. कोरणाऱ्या बारा जणांवर दोन मोठी माणसं हवीत.

सामान: ३० बाय २० सेंटिमीटरच्या लिनोच्या सात शीट (एकीतून १५ बाय १० चे चार तुकडे, म्हणजे सहा शीट पुरतात, सातवी राखीव). पाचवीच्या मुलांना खरा लिनो कडक जातो, त्यांच्यासाठी मऊ रबरी शीट घ्या. व्ही आणि यू आकाराच्या पटाश्यांचे १२ संच, शाई लावायचे चार रूळ, ते फिरवायला चार काचा किंवा अॅक्रिलिकचे तुकडे, पाण्यात धुतली जाणारी काळी शाई १०० मिलीच्या दोन ट्यूब. कागद पातळच हवा, ७० ते ९० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). हौसेने २०० जीएसएमचा जाड कार्ट्रिज कागद आणतात आणि मग चमच्याने कितीही घासा, छाप अर्धवट उमटतो. प्रेस नसताना पातळ कागद आणि स्टीलच्या चमच्याची पाठ, याला तोड नाही.

हात कापण्याचं कारण नेहमी एकच: लिनो धरणारा हात पटाशीच्या वाटेत येतो. लाकडी अडकण बनवून घ्या, म्हणजे २० बाय २५ सेंटिमीटरची फळी, वरच्या बाजूला आपल्यापासून लांबच्या कडेला एक पट्टी, खालच्या बाजूला आपल्याकडच्या कडेला दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरचीला लिनो टेकतो. दिशा बदलायची असेल तर पटाशी नव्हे, लिनो फिरवायचा.

शाईच्या टेबलावरचा पंखा बंद ठेवा. जानेवारीतल्या कोरड्या हवेत पाण्याची शाई रुळावरच सुकते आणि छापात पांढरे ठिपके येतात. शाई किती हे कानाने ओळखायचं: रूळ फिरताना बारीक चरचर आली की ठीक, चपचप आवाज आला तर शाई जास्त आणि कोरलेल्या रेषा बुजणार. कड दुहेरी आली तर घासताना कागद सरकलाय.

अक्षरं उलटी कोरायची हे सगळ्यांना सांगितलं जातं, तरी विसरतातच. देवनागरीत गंमत म्हणजे उलट्या छापात ऱ्हस्व वेलांटी दीर्घ वाटते. ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलीने लिहा, कागद पालथा घालून लिनोवर घासा, अक्षर आपोआप उलटं बसतं. मुलांना अक्षराभोवतीचा भाग कोरायला लावू नका, अक्षरच कोरून पांढरं काढू द्या. शिरोरेषेला एक सरळ खाच पुरते. चार शब्दांच्या वर मथळा नको.

अवांतर: चित्रकार चित्तप्रसादांचं काम मुलांना आवर्जून दाखवा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर भागात फिरून त्यांनी काढलेली रेखाचित्रं ही बातमीच होती. ती पुस्तिका छापली तेव्हा इंग्रज सरकारने प्रती जप्त केल्या. पुढे ते मुंबईला अंधेरीत राहिले, आणि लिनोकटमध्ये काळ्या-पांढऱ्याचा एवढा नेमका वापर करणारे थोडेच. तुमच्या दोन भिंती इथे एकमेकींना भेटतात.

सनबोर्ड:
डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप लावू नका. रात्रीतून बोर्ड खाली येतो आणि जाताना रंगाचा पापुद्राही घेऊन जातो. मंडपवाल्याकडून सहा फुटी लोखंडी जाळीचे स्टँड भाड्याने आणा आणि एस हुक वापरा. स्टँड एका रांगेत सरळ उभे केले तर पंख्यानेही हलतात, नागमोडी ठेवून एकमेकांना बांधा. चित्राचा मध्य मोठ्यांसाठी जमिनीपासून १४५ सेंटिमीटर धरतात. इथे मुलंही आहेत, १३५ ठेवा.

मजकुराचा बोर्ड ५ मिलीमीटर सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर) मॅट प्रिंट. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट दिसते, अक्षर दिसत नाही. एका बोर्डावर ८० ते १०० शब्द, मजकूर २८ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. छापणाऱ्याकडे वर्डची फाइल कधीही देऊ नका. त्याच्या जुन्या कोरलमध्ये (मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये) युनिकोड मजकूर उघडला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. फाँट एम्बेड केलेली (फाइलमध्येच घातलेली) पीडीएफ द्या आणि एक ए-४ नमुना काढून स्वतः वाचा.

फोटोंचं म्हणाल तर वृत्तसंस्थांचे नेटवरून घेऊन मोठे करून छापू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वृत्तांकनाला आणि वर्गातल्या शिकवण्याला सवलत आहे, लोकांसाठी भरवलेलं प्रदर्शन त्यात सरळ बसत नाही. विकिमीडिया कॉमन्सवरचे मोकळ्या परवान्याचे घ्या, छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना खाली छापा. उपग्रहचित्रं नासाची चालतात, श्रेय द्यायचं.

खिडकीपाशी:
सगळ्यांचे आभार. नकाशा रद्द करून पुन्हा मागवतोय. कार्यशाळा रविवारी ११ ते २ ठेवली आहे, त्यात काही अडचण? आणि मुलांना एखादं संग्रहालय दाखवायचं असेल तर?

पाटीवरचा खडू:
रविवारचा लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद) बहुधा त्याच वेळात असतो. शुक्रवार-शनिवारी रेल्वेची सूचना बघून पालकांना कळवा. मुलं करी रोडला, चिंचपोकळीला उतरणार असतील तर धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्यावर तिथे थांबत नाहीत, त्यांना भायखळ्याहून किंवा दादरहून बसने यावं लागेल. संग्रहालय म्हणाल तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड तुमच्या सगळ्यात जवळ, पण बुधवारी बंद असतं. काळा घोड्याचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद. आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात प्रदर्शन नेऊ नका, काळा घोडा कला महोत्सव सुरू झाला की तुमचे निम्मे चित्रकार तिकडे.