शिकागो: प्रिंटर्स रोमधला लॉफ्ट घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची दोघांचीही ऑफिसं लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात. मित्रमंडळी सगळी नेपरव्हिल-शॉमबर्ग या उपनगरांकडे, पण रोज मेट्राने (उपनगरी रेल्वेने) ये-जा करायची आमची तयारी नाही. म्हणून जवळच्याच प्रिंटर्स रो भागात घर बघतोय. डिअरबॉर्न स्टेशनच्या उत्तरेला जुने छापखाने होते, 1970 च्या दशकाच्या शेवटापासून त्यांची घरं होत गेली. 1971 मध्ये स्टेशनातल्या गाड्या बंद झाल्या तेव्हा इथे शुकशुकाट होता म्हणे. आता खाली कॉफीची दुकानं आहेत आणि वर लाखो डॉलरचे लॉफ्ट, म्हणजे उंच छताची मोकळीढाकळी घरं.

आवडलेलं घर टिंबर लॉफ्ट आहे. जाडजूड लाकडी खांब, उघड्या विटा, भिंतभर खिडक्या. मजबुतीची काळजी नाही, छपाई यंत्रांचं ओझं पेललेल्या जमिनी आहेत. काळजी वेगळीच आहे. बेडरूमची भिंत छतापर्यंत जात नाही, वर दोन-अडीच फूट मोकळंच. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि बाबांचा रेडिओ पहाटे पाचला सुरू होतो! चिमणी बाहेर धूर सोडत नाही, गाळून हवा परत घरातच फेकते. म्हणजे मिरचीची फोडणी थेट गादीपर्यंत. शिवाय विटांवरून हात फिरवला की बोटांना वाळू लागते. हे नॉर्मल आहे का?

महिन्याची असेसमेंट (इमारतीच्या देखभालीची वर्गणी) कमी आहे, त्यावर एजंट खूश आहे. मला उलट तीच खटकतेय. नक्की काय तपासू?

प्रतिसाद

तुमचं खटकणं बरोबर आहे. शिल्लक न ठेवता असेसमेंट कमी ठेवली की एक दिवस स्पेशल असेसमेंट, म्हणजे मोठ्या खर्चासाठीची जादा वर्गणी, दारात येते. इलिनॉयच्या कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटच्या) कायद्यातल्या कलम 22.1 खाली विकणाऱ्याला असोसिएशनकडून, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीकडून, कागद आणून द्यावे लागतात: राखीव निधी किती, चालू आणि पुढच्या दोन आर्थिक वर्षांत कोणते मोठे खर्च अपेक्षित आहेत, कोर्टात दावे आहेत का. वकिलाला ते लगेच मागायला सांगा. मीटिंगचे मिनिट्सही वेगळे मागा, खरी भांडणं तिथे सापडतात.

वाळू आतून थोडीफार पडतेच. बाहेरच्या विटांमधल्या दर्जा (सांधे) कधी भरल्या ते विचारा. पाणी मुरतं, हिवाळ्यात गोठतं, खिडकीवरचे लोखंडी लिंटेल (आडवे आधार) गंजून फुगतात आणि वीट फुटते. 80 फूट किंवा त्याहून उंच इमारतींच्या दर्शनी भिंती शहराच्या नियमानुसार ठरावीक मुदतीने तपासाव्या लागतात, तो शेवटचा अहवाल बघा.

टिंबरमध्ये वरच्यांची पावलं ऐकू येतात, काँक्रीट लॉफ्टमध्ये कमी. रात्री दहाला एकदा जाऊन नुसते बसा.

मूळ लेखक

धन्यवाद! वकिलाला आत्ताच मेल टाकला. चिमणीचा पाइप बाहेर काढायला असोसिएशन परवानगी देते का, कुणी मिळवली आहे का?

प्रतिसाद

भिंत सामायिक मालकीची, त्यामुळे असोसिएशनच्या बोर्डाच्या लेखी होकाराशिवाय भोक पाडता येणार नाही. आम्हाला नकार आला. खिडकीजवळ इंडक्शन मांडून फोडण्या तिथेच देतो.