प्रतिसाद: प्रमोटरची हजेरी आणि टार्गेट

दुकानात आपला माल दाखवून विकायला कंपनी जी पोरगी ठेवते, त्या प्रमोटरची जीपीएस सेल्फी (जागा-वेळ नोंदवणारा फोटो) घेतली की तिच्यावर लक्ष राहतं, अन् विक्रीचं टार्गेट बारा महिने सारखंच ठेवावं, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. हजेरी कळते हो, काम नाही कळत. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडे टीव्ही-फ्रिजच्या दुकानात खरी गर्दी बाजाराच्या दिवशी; त्या दिवशी सुटी नकोच.

अन् टार्गेट बारा महिने सारखं कसं? कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येतो. तो विकला की गिऱ्हाईक फ्रिजचं दार चार वेळा उघडझाप करून बघतं. ऑगस्टमध्ये तेच गिऱ्हाईक खत-फवारणीच्या खर्चात अडकलेलं असतं. अशा महिन्यांत इन्सेंटिव्ह विक्रीवर नाही, डेमोवर, म्हणजे माल चालवून दाखवण्यावर लावा.

दुकानदार आपल्या कंपनीच्या प्रमोटर पोरीला गल्ल्यावर बसवतो, दुसऱ्याच कंपनीचा माल दाखवायला लावतो, ते सेल्फीत दिसत नाही. त्यासाठी सुपरवायझरने न सांगता जावं, आधी शेठजींसोबत चहा घ्यावा, मगच विषय काढावा.