मदत हवी आहे: 'फास्ट' म्हणजे वेगवान, मग उपास कुठून आला?

घाईत_अनुवादक
इंग्रजी 'फास्ट'चा अर्थ वेगवान, पण उपास हाही आहे. शब्द एकच की दोन? मूळ काय? मजकूर आजच द्यायचाय आणि एका वाक्यात दोन्ही अर्थ बसत नाहीयेत. लवकर सांगा.

शब्दखूण
वाक्य द्या की. नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण, सगळीकडे चालतो तो.

नदीकाठ
उपासाने शरीर हलकं होतं, हालचाल वेगात होते. संबंध सरळ आहे.

शब्दखूण
नाही हो नदीकाठ. दोन्हींचं मूळ 'घट्ट, न हलणारा' हेच. जुन्या इंग्रजीत तोच मुख्य अर्थ. त्यावरून क्रियापद झालं: नियम घट्ट धरून राहणं, आणि अन्नाचा नियम म्हणजे उपास. गॉथिक या इंग्रजीच्या नात्यातल्या जुन्या भाषेतल्या 'फास्तान'मध्ये पाळणं आणि उपास करणं हे दोन्ही अर्थ आहेत. आपणही उपास 'धरतो'च.
वेगाचा अर्थ मागाहून, मध्ययुगीन इंग्रजीत आला. क्रियाविशेषण आधी 'घट्ट', मग 'जोर लावून', मग 'वेगाने'. 'जोरात दाब' आणि 'जोरात पळ' म्हणतो ना, तसंच.

कोशकीडा
जोराचा एकच रस्ता धरू नका. 'फास्ट बाय' म्हणजे अगदी खेटून. पाठलागात खेटून राहायचं तर वेग लागतोच. त्यातूनही हा अर्थ आला असं मांडलं जातं.

शब्दखूण
खेटून हेही 'घट्ट'चंच पिल्लू. मूळ बदलत नाही.

घाईत_अनुवादक
माझं वाक्य राहिलं! 'मेक द लाइन फास्ट.' 'रांग पटकन लावा' पुढच्या ओळीशी जुळत नाही.

कोशकीडा
पुढची ओळ काय? जहाज आहे का त्यात?

घाईत_अनुवादक
बोट धक्क्याला लागतेय. तेही सांगायला हवं?

कोशकीडा
हवंच, सगळं त्यावरच आहे. बोटीवर 'लाइन' म्हणजे दोर. 'दोर पक्का बांधा.' क्लीट नावाच्या दोन शिंगांच्या खुंटीला दोर आधी बुडाशी एक वेढा देतात, मग शिंगांवरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवतात आणि शेवटचा वेढा उलटा करून अडकवतात. ओढ बसली तरी सुटत नाही. हे 'मेक फास्ट'.

उच्चारशुद्धी
'ब्रेकफास्ट' म्हणणं थांबवा. जोर शब्दाच्या पहिल्या भागावर असतो, म्हणून पुढचा स्वर आखडतो: 'ब्रेकफस्ट'.

शब्दखूण
उच्चार कुणी विचारला नव्हता. पण शब्द कामाचा आहे: १५व्या शतकापासूनचा, अर्थ उपास सोडणं.

दुभाषी
जर्मनमध्ये 'फास्ट' म्हणजे 'जवळजवळ'! 'फास्ट फेर्टिश' म्हणजे होतच आलं. घट्टसाठी तिथे 'फेस्ट', उपास करण्यासाठी 'फास्टेन'.

कोशकीडा
अनुवादासाठी शेजारचा शब्द बघा. मेक, होल्ड, स्टँड, स्टिक यांच्या पुढे आला तर घट्ट. 'अस्लीप'च्या आधी गाढ. रंगाबद्दल असेल तर पक्का. आणि कोशात शब्दावर १, २ असे आकडे दिसले म्हणून मुळं वेगळी समजू नका. काही कोश शब्दजातीप्रमाणेही आकडे देतात. व्युत्पत्तीची ओळ वाचा.

घाईत_अनुवादक
पुढे 'द व्हील्स आर स्टक फास्ट' आहे, चिखलात. तिथेही घट्टच ना?

शब्दखूण
हो. 'चाकं रुतून बसली' एवढंच लिहा. वेगळं 'घट्ट' नको, 'रुतून बसली'मध्ये ते आलंच.