मदत हवी आहे : परभणीजवळची 20 गुंठे जमीन घरांसाठी घ्यावी का?

वसमत रोडला गावठाणाबाहेर 20 गुंठे बघितलेत. आम्ही तिघे भाऊ मिळून घेणार, तीन बैठी घरं बांधायची, प्लॉट पाडून विकायचे नाहीत. सातबारा, फेरफार आणि जुना खासरा (पूर्वीचं जमीन-नोंदीचं पत्रक) पाहिला. भोगवटादार वर्ग 1 आहे (म्हणजे विक्रीला सरकारी परवानगी लागत नाही), कूळ किंवा इनामाची नोंद नाही. झोन दाखल्याचा (जमीन शेती की रहिवासी पट्ट्यात येते ते सांगणारा) अर्ज दिलाय. रस्ता गाव नकाशावर आहे, त्यामुळे वहिवाटीचं भांडण नसावं. मोजणी अजून बाकी.

अडलंय ते मातीत. जेसीबीने एका कोपऱ्यात 8 फूट खणलं, तळापर्यंत काळी मातीच, मुरमाचा पत्ता नाही. उन्हाळ्यात भेगांत हात जातो. पूर्वेला ओढा आहे, शेजारचे म्हणतात पाणी बांधापर्यंत येतं. विकणारा अर्थातच "कधीच नाही" म्हणतो! गावातले मिस्त्री म्हणतात दगडाचा पाया भरा, काही होत नाही. पण त्यांनीच बांधलेल्या घरांच्या भिंती तडकलेल्या दिसतात.

इसार अजून दिलेला नाही, म्हणून आत्ताच विचारतोय. बोअर घेऊन माती तपासायची तर किती ठिकाणी आणि किती खोल? काळी माती पाण्याने फुगते, त्याची कोणती चाचणी लॅबला सांगू? आणि अशा जमिनीत बैठ्या घराला अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) परवडतात, की काळी काढून मुरूम भरणं स्वस्त पडतं? ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी सांगावं.